डोळ्यांतलं पाणी आटलं तेव्हा

डोळ्यात कुसळ गेलं असेल, असंच मी धरून चालले होते. भाताची मळणी सुरू होती, खळ्यावर धूळ आणि भुसा उडत होता, आणि माझे दोन्ही डोळे असे खुपत होते की पापणी मिटली तरी आत काहीतरी घासल्यासारखं व्हायचं. सासूबाईंनी मला उजेडाकडं तोंड करून बसवलं, पापणी उलटी केली आणि पदराचं टोक ओलं करून आत फिरवलं. त्यांना आम्ही सगळे आत्ती म्हणतो.

“काय न्हाई गं आत,” आत्ती म्हणाल्या. “लाल तेवडं झालंय. मशीनवर लई बसतीस, त्येचं हाय.”

मला ते पटलं. जोयडा तालुक्यात, गुंद गावाच्या अलीकडं रानात आमची मोजक्या घरांची वाडी आहे. शेती आहे, गुरं आहेत, आणि सोप्यात माझी शिलाईची मशीन आहे. आसपासच्या वाड्यांतल्या बायका झंपर शिवायला माझ्याकडं येतात. सणाच्या आधी दिवसदिवस मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळं डोळे दुखले तर मशीनमुळं, बोटं आखडली तर कात्रीमुळं, असं माझं सरळ गणित होतं.

मळणी संपली, खळं झाडून झालं, तरी डोळ्यांतलं कुसळ काही निघेना. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, त्या बोटानं सोडवाव्या लागायच्या. जोयड्याला बाजाराला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, अ‍ॅलर्जी असेल म्हणाले, थेंब दिले. थेंब घातले की बरं वाटायचं आणि सोडले की पुन्हा तेच. त्यांचा काय दोष? त्यांच्यापुढं फक्त लाल डोळे होते. सकाळी उठल्यावर कात्रीत बोटं जात नाहीत, भात घासाघासाला पाणी प्यायल्याशिवाय गिळवत नाही, मागची एक दाढ चणे फुटावेत तशी आपोआप फुटून गेली, हे मी त्यांना सांगितलंच नाही. डोळ्याच्या औषधाला गेलेली बाई दाढेचं कशाला सांगेल?

बायका मात्र बिचकायला लागल्या. डोळे आलेत म्हणून कुणी सोप्याच्या पायरीवरनंच कापड पुढं करायची, माझ्याकडं न बघता माप सांगायची. मला हसू यायचं. तोवर मी भ्यायले नव्हते.

भीती लागली ती बाबा गेले तेव्हा.

माझं माहेर रामनगरकडचं. सकाळी भावाचा फोन आला आणि आम्ही दोघं नवराबायको मिळेल त्या जीपनं जोयड्याला, तिथनं बसनं रामनगरला गेलो. अंगणात बाबांना ठेवलं होतं. चुलतीनं मला कवेत घेतलं आणि माझ्या तोंडून असा हंबरडा फुटला की तो माझाच आवाज आहे हे मला कळेना. छाती भरून येत होती, घसा फाटत होता, आणि डोळ्यांत मात्र कुणीतरी मिरचीची पूड टाकल्यासारखी आग. पाणी नाही. एक थेंब नाही.

“रड बाय, रड. मोकळी हो,” चुलती म्हणाली आणि पदरानं माझं तोंड पुसायला गेली. पुसायला काही नव्हतंच. तिचा हात गालावरच थांबला. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मागनं कुणीतरी हळू बोललं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. “सासरची झाली की लेक. डोळ्यात टिपूस न्हाई.”

मी उठले. मागच्या दारी न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. गालांवरनं, हनुवटीवरनं ते ओघळू दिलं आणि तशीच ओल्या तोंडानं परत येऊन बाबांच्या पायाशी बसले. माझ्या बाबांसाठी मी डोळ्यांत बाहेरनं पाणी आणलं. आणि तिथं बसल्याबसल्या माझ्या मनात बाबांचा विचार नव्हता. माझ्या आत काय आटलंय, आणि डोळ्यांपासनं सुरू झालेलं हे आटणं कुठवर जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाबांना उचललं तेव्हा मी भीतीनं थरथरत होते. लोकांना ते दुःख वाटलं, आणि दुःख तर होतंच.

दिवसकार्य आटोपून घरी आल्यावर मी मुद्दाम कांदे चिरायला घेतले. उग्र, लाल कांदे होते. आत्ती शेजारी बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. माझे डोळे नुसते जळत राहिले. मी चिरतच होते. नवरा दारात येऊन उभा राहिला.

“एवडा कांदा कुणाला गं? पावणं येणार हाईत व्हय?”

“माझ्या डोळ्यात पाणी येईना झालंय,” मी म्हणाले.

“मग बरंच की. आता भांडलीस तरी रडायचं न्हाईस.” तो हसला, आणि मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. त्यानं विळी माझ्यापुढनं बाजूला सरकवली. “उन्हाळ्याची कामं उरकली की बेळगावला दाखवूया,” तो म्हणाला.

उन्हाळा तेवढा थांबला नाही. कोरडा वारा सुटला. चुलीचा धूर, रस्त्याची लाल धूळ, काही सोसवेना. आत्तींना माझा त्रास बघवत नव्हता. आमच्या परसात तगरीचं झाड आहे, त्याला इथं नंदीबट्टल म्हणतात. त्याची पांढरी फुलं पाण्यात भिजत घालून ते पाणी डोळ्यांत सोडायचं, हा इथला जुना उपाय. आत्तींनी मला मांडीवर निजवून ते थेंब घातले. गार वाटलं. इतकं गार की मी त्यांच्या मांडीवरच झोपून गेले. मग रोजच घालायला लागल्या.

आणि एका सकाळी उजवा डोळा उघडेना. पापणी आतल्या बाजूनं डोळ्यालाच चिकटली होती. मी जोर लावून उघडली आणि काहीतरी टरकन सोलल्यासारखी कळ गेली, ती पार कानामागं, मस्तकात. दारातनं आलेला उजेड सुईसारखा आत घुसला. मी हातानं डोळा झाकून आरशापाशी गेले आणि हळूच बोटं बाजूला केली. डोळ्याच्या काळ्यावर एक पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा.

“आत्ती,” मी हाक मारली. “जरा हिकडं या.”

आत्ती आल्या. त्यांनी बघितलं. त्या वळल्या आणि गोठ्यात गेल्या. आम्ही निघालो तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

जोयड्याच्या डॉक्टरांनी ठिपका बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. ते नवऱ्याला म्हणाले, “आता कुठं थांबू नका. आजच बेळगाव गाठा.” मला त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या आवाजाची जास्त भीती वाटली. एरवी ते बोलताना कागदावर लिहीत असायचे. त्या दिवशी पेन खाली ठेवून बोलले.

बसमध्ये मी डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून बसले होते. रस्ता पायाखालचा. जगलबेटची वळणं अंगानं ओळखली. रामनगरला बस थांबली तेव्हा भज्यांचा वास आला, माझ्याच माणसांच्या बोलीत कुणीतरी जागेवरनं भांडत होतं. खानापूरच्या पुढं रस्ता सरळ झाला. हे सगळं मला दिसत नव्हतं आणि तरी सगळं कळत होतं. मनात आलं, आता पुढं असंच कळत राहणार. आवाजानं, वासानं, धक्क्यांनी. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. माणसांत आम्ही कधी हात धरत नाही. त्यानं सोडवून घेतला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या. वयानं माझ्याएवढ्याच, बेळगावकडच्या बोलीत बोलणाऱ्या. त्यांनी हनुवटी टेकवायच्या यंत्रापुढं मला बसवलं, पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं. मग चांगल्या, डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. थोड्या वेळानं ती काढली, उजेडात धरली, नवऱ्याला दाखवली.

“बघा. ही भिजायला पाहिजे. कोरडी ठणठणीत आहे.” मग माझ्याकडं वळल्या. “तोंड कोरडं पडतंय काय?”

मी चमकले. “व्हय.”

“भात गिळताना पाणी लागतंय?”

“व्हय.”

“सकाळी उठल्यावर बोटं आखडतात? दात किडायला लागलेत, तुकडे पडतात?”

मी नुसती मान हलवत होते. गावात अंगात येणारी बाई असं न सांगितलेलं सांगते तेव्हा भक्ती वाटते. इथं पांढऱ्या कोटातली बाई सांगत होती आणि मला पळून जावंसं वाटत होतं. जी दुखणी मी एकेकटी सोसली होती, ती तिनं एका दोऱ्यात ओवून माझ्यापुढं धरली होती.

“बुबुळाला जखम झालीय, ती आधी भरून काढू,” त्या म्हणाल्या. “पण हा रोग नुसता डोळ्याचा दिसत नाही मला. डोळ्यानं तो आधी दाखवला, एवढंच.”

“म्हंजे रोग कशाचा हाय?” नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी उलट विचारलं, “तुमच्याकडं कुत्रं आहे घरात?”

“हाय की. रानाकडंचं घर आमचं.”

“ते चोरावर, जनावरावर भुंकायला ठेवलंय. उद्या ते घरच्याच माणसांना चावायला लागलं तर? अंगात रोगाशी झगडणारी शक्ती असते. यांची ती शक्ती यांच्याच अंगावर उलटलीय, असा मला संशय आहे. अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ज्या ग्रंथी असतात, त्यांनाच ती खातेय.”

नवऱ्याला लगेच समजलं. पिसाळलेल्या कुत्र्याचं आमच्या वाडीत काय करतात, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण हे कुत्रं माझ्या आत होतं.

त्यांनी मला ठेवून घेतलं. जखमेत जंतू आहेत का बघायला बुबुळावरचं खरवडून तपासायला पाठवलं. तासातासाला थेंब. रक्त काढलं. संधिवाताचे एक डॉक्टर येऊन माझी बोटं दाबून गेले. मग एके दिवशी सांगितलं की खालच्या ओठाच्या आतला बारीकसा तुकडा काढून तपासायचाय.

“डोळ्यासाठी व्हट कापायचा?” मी विचारलं. माझा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

“लाळेच्या ग्रंथी तिथं असतात. तिथं खूण सापडली की नक्की कळेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. टोचून बधिर केलं तरी कात्रीची करकर हाडातनं ऐकू आली. जन्मभर कात्री चालवलेली मी, तो आवाज ओळखून अंग आखडून पडून राहिले.

जखम भरायला लागल्यावर घरी पाठवलं. तपासणीचा निकाल यायचा होता. उजव्या डोळ्यानं सगळं दुधाच्या पातेल्यातनं बघावं तसं दिसत होतं. आत्ती माझ्यासमोर येत नव्हत्या. मी स्वयंपाकघरात गेले की त्या परसात, मी परसात गेले की त्या गोठ्यात. मला वाटलं, घरात आंधळी सून नको झालीय त्यांना. वाडीत काय काय बोललं जात होतं तेही कानावर येत होतं. कुणी म्हणालं आतनं गाठ असणार, कुणी म्हणालं रानातलं काहीतरी ओलांडलंय.

मी आंधळेपणाची तालीम करायला लागले. घरात कुणी नसलं की डोळे मिटून विहिरीपासनं चुलीपर्यंत जायचं. इथं दगड, इथं तुळस, इथं उंबरा. भांडी हातानं चाचपून ओळखायची. मशीनच्या सुईत दोरा मात्र कधीच ओवता आला नाही. तेव्हा मी डोळे उघडून तशीच बसून राहायचे.

एका दुपारी अशीच मिटल्या डोळ्यांनी विहिरीकडनं येत होते आणि कुणीतरी माझ्या दंडाला गच्च धरलं.

“डोळं असून आंधळी कशापाय हुतीस?” आत्ती ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “हिरीत पडून मरायचं हाय काय?”

“सवय करून घेतीया,” मी म्हणाले. “उद्या गेलंच डोळं तर.”

त्या मटकन खाली बसल्या, तिथंच, ओल्या मातीत. “म्या घालवलं तुजं डोळं. त्या फुलाच्या पाण्यानं. माजंच पाप हाय ते,” त्या म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. एवढे दिवस त्या मला टाळत होत्या ते यासाठी. त्या माझ्या आंधळेपणाला भीत नव्हत्या, स्वतःच्या हातांना भीत होत्या.

मी त्यांच्याजवळ बसले. आम्ही दोघी रडलो. त्यांचं तोंड भिजलं, माझं कोरडं राहिलं. पण माझ्या रडण्यात काय कमी आहे, असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

निकाल आणायला आम्ही तिघं गेलो. आत्ती हट्टानं आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी डॉक्टरबाईंना फुलांच्या पाण्याचं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आजी, डोळ्यात असं काही घालायचं नाही. त्यातनं जंतू आत शिरले असते तर डोळा गेला असता. पण तपासणीत जंतू सापडले नाहीत. कोरड पडून पडूनच बुबुळ सोललं. हा रोग तुमच्या फुलाच्या कितीतरी आधीपासून आहे.” आत्तींनी हात जोडले. पुढचं काहीच त्यांनी ऐकलं नसावं.

पुढचं मी ऐकलं. ओठात खूण सापडली होती, रक्तातही. रोगाला कुण्या परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही. तो मुळातनं जात नाही, आवरून धरता येतो. संधिवाताच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ती मुळात मलेरियाची. तिचा डोळ्याच्या पडद्यावर क्वचित परिणाम होतो म्हणून डोळे वरचेवर तपासत राहायचे. पुढं कधी फुफ्फुस, कधी मूत्रपिंड यांनाही त्रास होऊ शकतो. आणि मानेत, जबड्याखाली गाठ आली, फुगली, कमी होईना, तर लगेच यायचं.

“गाठ कसली?” मी विचारलं.

“बहुतेकांना होत नाही,” त्या म्हणाल्या. “पण लक्ष ठेवायचं. घाबरायचं नाही.”

घाबरायचं नाही, हे सांगणं सोपं आहे. आमची मुलगी दांडेलीला शिकते. सुट्टीला आली की मी तिला कारण नसताना विचारते, तोंड कोरडं पडतं काय गं, डोळे खुपतात काय? ती चिडते. तिच्यापुरतं डॉक्टरबाईंनी सांगितलंय की आईला आहे म्हणून मुलीला होतंच असं नाही. मी ते मनात घोळवत राहते.

आता डोळ्यांत पाण्यासारखे थेंब दिवसभर घालते, झोपताना मलम लावते. बोटं पुष्कळ सुटली. उजव्या बुबुळावर पुसट डाग राहिलाय, दिव्याभोवती त्यामुळं कडं दिसतं. झंपर शिवते, पण दिवसाउजेडी, आणि मध्ये मध्ये उठून. बायका पुन्हा वर येऊन बसतात. गोळीचं नाव कुणीतरी वाचलं, तेव्हापासनं अर्ध्या वाडीला मला मलेरिया झालाय असं वाटतं. मी ते खोडून काढत नाही. मलेरिया त्यांना समजतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी डाव्या कानाखाली मला सूज लागली. केस विंचरताना हात लागला आणि फणी तशीच केसांत राहिली. दोन दिवस कुणाला बोलले नाही. सारखा हात तिकडं जायचा. वाढली काय, कमी झाली काय, सकाळपेक्षा आता कठीण लागते काय. शेवटी नवऱ्यानंच विचारलं, “मानंला काय झालंय तुज्या? सारखी चाचपतीस.” मी त्याचं बोट धरून तिथं ठेवलं.

बेळगावला संधिवाताच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, सोनोग्राफी करायला लावली. आम्ही बाकावर बसून राहिलो. समोर एक बाई लहान बाळाला घेऊन बसली होती आणि ते बाळ, उजेड सोसत नाही म्हणून मी घातलेल्या काळ्या चष्म्याकडं बघून हसत होतं. मला त्याच्याकडं बघून हसता येईना. आत बोलावलं तेव्हा नवऱ्यानं काखेत हात घालून उभं केलं.

“लाळेची ग्रंथी सुजलीय,” डॉक्टर म्हणाले. “या रोगात सुजते. आज तरी यात वाईट काही दिसत नाही. औषध देतो. महिन्यानं परत दाखवा.”

आज तरी, असं ते म्हणाले. मी तेवढंच धरलं. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “चा घेऊया?” आम्ही स्टँडसमोर उभ्यानं चहा घेतला. सूज पुढं आठवड्याभरात उतरली. महिन्यानं मी पुन्हा गेले, तेव्हाही डॉक्टर ‘आज तरी काही नाही’ एवढंच म्हणाले, आणि आता पुढच्या खेपेची वाट बघते आहे.